थांबण्याची घंटा

जुन्या गाड्यांच्या क्लबची सहल नेणं म्हणजे डोक्याला ताप, हे मला कुणी सांगायला नको होतं. तरी त्या ऑक्टोबरात ट्राम संग्रहालयाची सहल मीच ठरवली, तीही आर्लीनसाठी. माझी बायको विसरायला लागली होती, आणि आता माझं नावही तिला आठवेना. लहानपणच्या ओळखीच्या जागी नेऊन बघा, असं डॉक्टर म्हणाले. तिचे वडील तिथल्याच मार्गावर ट्राम चालवायचे. एका पानगळीत ओल्या पानांवरून चाकं घसरली आणि जंगलातल्या वळणावर ते अपघातात गेले. मार्ग पुढे बंद पडला. उरलेल्या तुकड्यावर आता हौशी मंडळी पाहुण्यांना फिरवून आणतात. तिथे बसून तिने एकदा मला ‘ऑर्विल’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

पण आमचे म्हातारे धड काही होऊ देतील तर ना! क्लबातल्या मर्लच्या पॅकार्ड गाडीचं पाणी वाटेतच उकळलं. ते निवेपर्यंत बाकीचे ॲपल पाय चापत बसले. आमच्या गाड्यांचे दिवे मिणमिणते, अंधाराआधी घर गाठायला हवं, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं.

‘‘तोंड का पाडलंयस? सहलीला आलायस की मयताला?’’ मर्लने विचारलं. मी घड्याळ बघितलं. उत्तर दिलं असतं तर मैत्री उरली नसती.

शेवटच्या फेरीला कसेबसे पोचलो. ट्रामीत तेलाचा आणि कुजक्या पानांचा वास होता. चालवणारा लोवेल म्हणाला, ‘‘वरची दोरी पाहिजे तर ओढा. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. पण ती आता नुसती शोभेची. घंटेपासून केव्हाच कापून टाकलीय.’’

आर्लीन खिडकीशी बसली. तिच्या पुढचं बाक रिकामं होतं. त्याच्याकडे बघत ती सारखी हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती, म्हणून मलाही बरं वाटलं.

जंगलात रूळ संपले. ट्राम काही वळत नाही, ती तशीच उलटी निघते. म्हणून बाकांच्या पाठी पलीकडे ढकलायच्या, म्हणजे तोंडं परतीकडे होतात. लोवेल वीज घेणारा तारेवरचा दांडा फिरवायला उतरला तसे आतले दिवे गेले. ‘‘आधी सगळ्यांना उठू द्या, मग ढकला,’’ तो खालून ओरडला. पण आमचे लोक कुणाचं ऐकतात! धाडधाड पाठी आपटायला लागले. मीही घाईतच होतो. आर्लीनच्या पुढच्या बाकाची पाठ मी ढकलली. ती अर्ध्यावर अडली. चिडून मी सगळा भार टाकला, तेव्हा कुठे ती पलीकडे पडली.

‘‘काय केलंस हे...’’ आर्लीन पुटपुटली. ‘‘ते उठले नव्हते अजून.’’

‘‘कोण?’’

‘‘बाबा.’’

ती काही केल्या जागची उठेना. तिच्या बाकाची पाठ तशीच राहिली, आणि पुढचं रिकामं बाक आता तिच्याकडे तोंड करून होतं.

परतताना ते अपघाताचं वळण आलं आणि घंटा वाजली. एकदाच. लोवेलने सवयीने ब्रेक दाबला.

‘‘कुणी...?’’ म्हणत त्याने वर बघितलं. दोरीचं कापलेलं टोक हलत होतं. मागची पायरी करकरली. पाइपच्या तंबाखूचा वास आला. आमच्यात कुणी पाइप ओढत नाही. आर्लीन पर्स उचलून उभी राहिली. मी तिचा दंड घट्ट धरला. लोवेलने घाईघाईने पायाखालची घंटा दोनदा वाजवली आणि ट्राम सोडली.

गाडीशी आल्यावर तिने मागचं दार उघडलं.

‘‘पुढे ये ना माझ्याजवळ.’’

‘‘पुढे बाबा बसलेत.’’

‘‘कुणी नाहीये पुढे!’’ मी एवढ्याने ओरडलो की सगळे बघायला लागले. दिवसभराचा संताप त्या बिचारीवर निघाला. ती निमूट मागे बसली.

झाडीतल्या रस्त्याला लागलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. माझ्या कानाशी घंटा वाजली. एक. माझ्या हडसन गाडीत घंटा नाही.

‘‘ऑर्विल,’’ मागून आर्लीन म्हणाली, अगदी पूर्वीसारखी, लाडाने. ‘‘थांब ना रे. माझं उतरायचं ठिकाण आलं.’’

ज्या हाकेसाठी एवढा खटाटोप केला ती अशी आली. मी थांबलो नाही. घर येईपर्यंत रडत गाडी चालवली.

तेव्हापासून तिन्हीसांजेला आमच्या स्वयंपाकघरात एक घंटा वाजते. आर्लीन पर्स उचलते, न चुकता माझं नाव घेते आणि सोड म्हणते. मी दाराला कुलूप घालून तिथेच उभा राहतो.

काल मात्र एकीपाठोपाठ दुसरीही वाजली.

मी धावत गेलो. आर्लीन होती, खुर्चीतच होती. तिच्यासमोरची खुर्ची कुणीतरी तिच्याकडे तोंड करून ठेवली होती. आपलेपणाने नव्हे, प्रवासात शेजाऱ्याकडे बघून हसावं तसं ती हसली.

‘‘तुम्ही कुठे उतरणार?’’ तिने मला विचारलं.