आपाचे दोन शेअर

दोन्ही डबे सरदारबीनं ओट्यावर आदळले! एक थोरल्या मेहमूदच्या घरून आलेला, दुसरा धाकट्या शाकीरच्या. दोन्हींत मटण! ज्या भावांनी वर्षभरात बहिणीला चटणी-भाकरी विचारली नाही, त्यांना आज तिच्या भुकेचा एवढा कळवळा... का? तर दुपारी वकील यायचा होता, आणि सरदारबीच्या नावावर कंपनीचे दोन शेअर होते!

कुठून ती अवदसा आठवली होती! पाटसचं ऊस वाहायच्या ट्रेलरांचं वर्कशॉप भावांनी शहाण्णव साली प्रायव्हेट लिमिटेड केलं, तेव्हा दोघांनी सारखे शेअर घेतले आणि उरलेले दोन तिच्या नावावर लावले. "कवा वाद झालाच तर आपा मिटवील," म्हणाले. लहानपणापासून तीच तर मिटवत आली होती. ऐन तारुण्यात नवरा गेला, मागोमाग आईबाप. पदरात हे दोन पोरके भाऊ. स्थळं आली, पण "पोरांसकट नेत असाल तर येते" म्हणणाऱ्या विधवेला कोण नेतो? अख्खं आयुष्य तिनं त्या दोघांवरून ओवाळून टाकलं आणि कधी उच्चारही केला नाही.

त्या त्यागाचं फळ काय, तर हे! मेहमूदनं पुण्याच्या एका कंपनीशी धाकट्याला न विचारता माल पुरवायचा करार केला. शाकीरनं सख्ख्या भावाला नोटीस धाडली, तीही रजिस्टर पोस्टानं! घरं भिंतीला भिंत लागून; पण नोटीस दौंडला जाऊन परत त्याच अंगणात आली. कपाळ बडवावं तिनं, दुसरं काय!

दुपारी विनोद वकील येऊन तिच्या बाजेवर टेकले; दोघं भाऊ समोर उभे. "आपा, तुमचे शेअर ज्याच्या बाजूला, कंपनी त्याच्या ताब्यात. बोला."

"ती काय बोलणार? भाईनं कान भरल्यात तिचे," शाकीर फणकारला.

"मी? आन् रोज येऊन गोडगोड कोण बोलतंय?" मेहमूद उसळला.

सरदारबीच्या डोळ्यांत पाणी आलं... संतापाचं! "गप बसा दोघंबी! घरात भाकरी एकच असायची, तवा काय नेम हुता आपला?"

दोघांच्या माना खाली गेल्या. "एकानं मोडायची... दुसऱ्यानं आधी तुकडा उचलायचा," शाकीर पुटपुटला.

"मग आज तेच. मेहमूद, तू शेअरची किंमत बोल. शाकीर ठरवील, त्या किमतीला तुझे सगळे घ्यायचे, का आपले तुला द्यायचे. असं लिहिता येतंय का, वकीलसाहेब?"

"येतं की. असे करार करतात लोक."

"आन् माझे दोन, जो कंपनी ठेवील त्याला. फुकट. पण मी ऱ्हाणार, जो जाईल त्याच्यासंगं."

दारामागं सामान भरून ठेवलेली तिची पत्र्याची पेटी आत्ता कुठं दोघांना दिसली.

मेहमूदनं तोंड उघडलं. धाकट्याचा वाटा विकत घ्यायचा आकडा तर तो घरूनच ठरवून आला होता! कमी बोलावा तर शाकीर घेणार आणि आपण बाहेर. चढा बोलावा तर कंपनी आपली, पण धाकटा निघणार आणि त्याच्यामागं आपा...

"बोल की!" ती कडाडली.

तो मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडू लागला. "न्हाई जमत, आपा... माझंच चुकलं. शाकीर, तुला इचारायला पायजे हुतं."

शाकीरनं त्याचा खांदा धरला. "नोटीस मागं घेतो, भाई. करार तेवढा मला वाचू दे."

सरदारबीनं डोळे पुसले नाहीत. दोन्ही डबे एकाच ताटात उपडे केले आणि वर एक भाकरी टाकली. "जेवा आता, नुसता ताप दिलाय जिवाला!"

मेहमूदनं भाकरी मोडायला घेतली आणि त्याचा हात थबकला. त्या जुन्या नेमात वाटे दोनच होते... कायमचे दोनच!

"आपा," तो कातर आवाजात म्हणाला, "तवा तू काय खायचीस गं?"

तिनं तोंड फिरवलं. त्यानं भाकरीचे तीन तुकडे केले आणि ताट आधी तिच्यापुढं सरकवलं.

"उचल, आपा."

तिनं एक घास खाल्ला. "मीठ कमी हाय," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.