कडुलिंबाखालचा बाक

झोपाळ्याच्या खांबावर हवेतला धूर मोजणारा आकडा ९२ होता, चांगल्या हवेच्या कितीतरी वर. २०६१ सालच्या जानेवारीतली गार सकाळ. झोपाळ्यापाशी कुणीही विडी ओढत नव्हतं, तरी पाच वर्षांचा निहार खोकत होता.

"आज खोकलास तर उद्यापासून बाग बंद," असं आईनं बजावलं होतं. म्हणून त्याच्या बहिणीनं, शाल्मलीनं, बागेची देखभाल करणाऱ्या यंत्रमानवाला हाक मारली. "माळीबुवा, हा धूर येतो कुठून?"

"कडुलिंबाखालच्या बाकावरून. तीस पावलांवर."

त्या बाकावर उद्यान समितीचे अध्यक्ष, म्हणजे तिचेच आजोबा, मित्रांबरोबर विडी ओढत होते. ही जागा त्यांनीच तीन वर्षांपूर्वी ठरवली होती. झाड धूर पितं, मग मुलांना त्रास नाही, असा हिशेब. बंदीचा विषय निघाला की ते म्हणत, "पुढच्या बैठकीत बघू."

शाल्मली आणि माळीबुवा बाकापाशी गेले. तिनं आजोबांना निहारच्या खोकल्याचं आणि धुराचं सांगितलं.

"झाड धूर पीत नाही का रे?" आजोबांनी विचारलं.

"थोडासाच, तात्या. काही कण पानांवर बसतात. बाकीचे सूक्ष्मकण (केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाहूनही बारीक कण) तासन् तास तरंगतात. शिवाय सकाळची हवा थंड. थंड हवा जड असते, पाण्यासारखी सखल भागाकडे सरकते."

शाल्मलीनं मागे वळून पाहिलं. झोपाळे वाळूच्या खोलगट खड्ड्यात होते. "म्हणजे ऊन चढेपर्यंत धूर तिथंच साचतो."

"या पत्र्याच्या पंडिताला आमचाच बाक सापडला," आजोबांशेजारी बसलेले त्यांचे मित्र पाटणकरकाका कुरकुरले.

"मग उद्या विडीशिवाय बसा, काका. मी खोटा ठरलो तर महिनाभर तुमच्या अंगणातलं गवत कापीन."

दुसऱ्या दिवशीही तितकीच थंडी होती, वाराही नव्हता. बाकावर फक्त चहाचा थर्मास होता. खांबावरचा आकडा १४. निहार अर्धा तास झोके घेत होता आणि एकदाही खोकला नाही. न्यायला आलेल्या आईनं आकडा वाचला. मग म्हणाली, "उद्या येताना कानटोपी घाला दोघं." शाल्मलीनं मोठा श्वास सोडला.

तात्यांनी खिशातली काडेपेटी काढून पाटणकरकाकांच्या हातात दिली. "घरी देवापाशी ठेव." मग ते माळीबुवाकडे वळले. "शहरातल्या सगळ्या बागांना हे आकडे पाठव. आणि समितीला कळव, अध्यक्षांचा निर्णय झाला. आजपासून या बागेत कुणीही धूम्रपान करायचं नाही. मीसुद्धा."