एक वाजताचे प्रेक्षक

"इशिता, जाळीचं ते टोक धर! अगं, माझ्या पायाला नको, खांबाला बांध!"

"मग तू पाय काढ ना, संग्राम! युअर फीट आर एव्हरीव्हेअर!"

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या मैदानावर भर दुपारी अडीच वाजता दोघांची जुंपली होती. चार वाजता 'रॅरिटन मावळे' फुटबॉल क्लबची होम मॅच होती. गोलपोस्टांना जाळ्या लावायचं काम शाळेला सुट्टी लागल्यापासून या पोरांकडे आलं होतं. तिसरी होती अहिल्या. ती तेरा वर्षांची, तिघांत मोठी. दुसऱ्या टोकाला ती मुकाट्याने गाठी मारत होती.

रॅरिटन ही तिथली नदी. आणि मावळे म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून पाठ धरलेले पुण्या-नागपूरचे काकालोक, शिवाय युनिव्हर्सिटीतली चार-दोन पोरं. हा क्लब काढला अहिल्याच्या बाबांनी, म्हणजे अरुणकाकांनी. मॅचच्या आधी ते स्वतः घरोघरी फोन करायचे, दटावून बोलवायचे आणि सगळी बाकं भरायची!

मागच्या नोव्हेंबरात बाबा हार्ट अटॅकने गेले. तेव्हापासून अहिल्याला काही वाटेनासंच झालं होतं. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. लोक म्हणायचे, "किती समजूतदार मुलगी!" ती समजूतदार वगैरे काही नव्हती. ती नुसती बधिर झाली होती.

त्या दिवशी मावळे तीन गोलांनी हरले. बघायला होतं कोण? ही तीन मुलं, समोरच्या टीमचे दोघं-तिघं आणि एक झोपाळू कुत्रा!

मॅच संपल्यावर कॅप्टन विवेककाका गवतावरच बसले. "पुढच्या रविवारी सीझनची शेवटची होम मॅच," ते म्हणाले. "तेव्हाही कुणी आलं नाही, तर क्लब बंद करायचा."

"काय?" संग्राम ओरडला. "काका, वर्ल्ड कप चालू आहे यार! सगळे टीव्हीसमोर बसलेत!"

"मे महिन्यात कुठे होता वर्ल्ड कप? तेव्हाही बाकं रिकामीच होती. अरुण असताना गोष्ट वेगळी होती. आता लोकांनाच नको असेल, तर कुणासाठी खेळायचं?"

म्हणजे लोक बाबांना विसरले, अहिल्याच्या मनात आलं. क्लब बंद झाला की बाबांचं इथे काहीच उरणार नव्हतं. हे तिला लख्ख समजलं, पण आत काही हललं नाही. तिने कचऱ्याची पिशवी उचलली आणि बाकांकडे निघाली.

"गाईज! कम हिअर! लवकर!"

इशिता बाकाखाली शिरली होती. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात स्टीलचा गोल डबा होता. बाकाखाली चहाचे कागदी कपही पडले होते. एकदोन नाही, चांगला ढीग!

"पण आज तर कुणीच आलं नव्हतं!" संग्राम म्हणाला. त्याने डबा उघडला. आत थालीपिठं. त्याने एकाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "मऊ आहे. म्हणजे आजचंच."

"संग्राम! धिस इज एव्हिडन्स! पुरावा खातोस?"

"तपासतोय!"

अहिल्याने झाकण हातात घेतलं. झाकणावर बारीक ठिपक्यांनी नाव कोरलं होतं, 'सौ. सीमा मोकाशी'. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालून घेतलं, की ते भांडं अमेरिकेत येऊनही हरवायला तयार नसतं!

"सीमामावशी," अहिल्या म्हणाली. "आपल्या मागच्या बिल्डिंगमधल्या."

दार उघडताच सीमामावशी आनंदल्या. "अगं बाई, माझा डबा! कुठे सापडला?"

"मैदानावर. मावशी, तुम्ही आज तिथे आला होतात?" इशिताने विचारलं.

"आले होते म्हणजे काय! आम्ही सगळेच होतो. एक वाजता पोचलो. ऊन नुसतं मी म्हणत होतं! अर्धा तास बसलो, चहा प्यायलो. पण ना खेळाडू, ना बॉल! मग काय, घरी आलो. दर वेळी मॅच कॅन्सल होते मेली!"

"दर वेळी?" संग्रामचे डोळे विस्फारले. "मावशी, मॅच चार वाजता असते! एव्हरी टाइम!"

"चार? मला तर कुमारचा फोन येतो. तो एक वाजता सांगतो." मग त्यांची नजर अहिल्याकडे गेली आणि आवाज खाली आला. "आम्हाला वाटलं, अरुण गेला आणि क्लबही गुंडाळत आणलाय. विचारायचं तरी कुणाला गं? तुझ्या आईला? जीभच रेटली नाही."

अहिल्याने मान हलवली. तिला फक्त एवढंच सुचलं, की चारचा एक कुणी केला ते शोधायला हवं.

शोधाचा रस्ता संग्रामला ठाऊक होता. बाबा गेल्यावर फोनांचं काम मराठी मंडळातल्या तिघांनी वाटून घेतलं होतं. विवेककाका मॅचची वेळ विक्रमकाकांना सांगत, विक्रमकाका सुवर्णाकाकूंना, काकू कुमारकाकांना, आणि कुमारकाका घरोघरी फोन करत. तिघांपैकी मैदानावर मात्र कुणीच फिरकत नसे. फोन केला, संपली ड्यूटी!

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन विक्रमकाका गाडी धूत होते. इशिताने स्पंज उचलला आणि सरळ त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

"काका, सगळे म्हणतात, मंडळाचा कार्यक्रम वेळेवर सुरू करणं फक्त तुम्हालाच जमतं! हाऊ डू यू डू इट?"

काका फुलले. "ट्रिक आहे! आपल्या लोकांना चार म्हटलं, की उगवतात पाचला. म्हणून मी आधीच एक तास कापतो. मॅच चारला असली, की सुवर्णाला तीन सांगतो. कुणाला बोलू नकोस हं!"

"आणि तुम्ही किती वाजता जाता मॅचला?"

"मी? वेळ कुठेय गं! वर्ल्ड कप चालू आहे!"

सुवर्णाकाकूंनी मुलांच्या हातावर चकली ठेवली आणि हळूच सांगितलं, "विक्रमभावजी साधे आहेत. त्यांना आपली माणसं माहीत नाहीत. ते तीन म्हणाले, की मी कुमारला दोन सांगते. चालतं तेवढं!"

कुमारकाकांना तर विचारावंही लागलं नाही. "काकूंनी दोन सांगितलं, की मी सगळ्यांना एक सांगतो! आहे की नाही डोकं?"

रस्त्यावर येताच संग्रामने कपाळाला हात लावला. "तिघंही चोरावर मोर! आणि तिघांनाही वाटतं, आपणच एकटे हुशार!"

"आणि लोक फुटबॉलला वेळेवर येतात!" इशिता म्हणाली. "ओन्ली फुटबॉलला!"

"बाबांनी सवय लावली होती," अहिल्या म्हणाली. "ते सांगायचे, शिट्टी कुणासाठी थांबत नाही."

संध्याकाळी तिघांनी विवेककाकांना गाठलं. सगळं ऐकून ते उसळलेच. "थांबा! आत्ताच्या आत्ता तिघांना झापतो!"

"नको काका," अहिल्या शांतपणे म्हणाली. "झापलंत, तर तिघंही सॉरी म्हणतील. मग त्यातलं एखादं हळूच पुन्हा कापेल. कोण, ते कळणार नाही. आत्ता निदान कोण किती कापतं हे पक्कं माहीत आहे."

"मग करायचं काय?"

"विक्रमकाकांना सांगा, मॅच सात वाजता आहे. उन्हामुळे उशिरा ठेवलीय म्हणा. काकूंना ते सहा सांगतील. काकू कुमारकाकांना पाच सांगतील. आणि कुमारकाका सगळ्यांना..."

"चार!" संग्राम आणि इशिता एकदम ओरडले.

विवेककाका बोटांवर हिशेब करू लागले. मग खो खो हसत सुटले. "आणि तिघांनाही बजावतो, शेवटची मॅच आहे, या वेळी स्वतः यायचंच!"

रविवारी साडेतीन वाजून गेले तरी पार्किंग रिकामं होतं. इशिता नखं खात होती. "कुमारकाकांनी या वेळी कापलंच नसेल तर? लोक पाचला आले तर?"

"गप गं! मी तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन बघून आलोय!" संग्राम म्हणाला.

अहिल्या बाकाजवळ उभी होती. तिला कसलीच धाकधूक वाटत नव्हती. ती नुसती रस्त्याकडे बघत होती.

मग एक गाडी वळली, तिच्यामागे दुसरी, आणि मग रांगच लागली! सीमामावशी, त्यांचे सासू-सासरे, युनिव्हर्सिटीतली पोरंपोरी, बाबांच्या ऑफिसातले लोक. सतरंज्या आल्या, थर्मास आले, डबे आले. "अरे, आज खेळाडू आहेत!" कुणीतरी ओरडलं आणि बाकांवर हशा पिकला. शिट्टी झाली तेव्हा बसायला जागा नव्हती.

मावळे असे खेळले, की त्यांची पाठ दुखते हे ते स्वतःही विसरले! संग्रामचा घसा बसला. इशिता मराठी आणि इंग्रजी दोन्हीत पंचावर ओरडली. शेवटी दोन-दोन अशी बरोबरी झाली, तरी लोक जिंकल्यासारखे नाचले.

पाच वाजता, सेकंड हाफ सुरू होत असताना, फोल्डिंग खुर्ची घेऊन कुमारकाका आले. "सुरू झाली? इतक्यात?" सहाला, मॅच संपून खाणंपिणं चालू असताना, कोकम सरबताचा कॅन घेऊन सुवर्णाकाकू आल्या. "संपली? अहो, असं कसं?" आणि सातला पाच मिनिटं असताना विक्रमकाका ऐटीत उतरले. "काय, मी सगळ्यांच्या आधी आलो ना?"

सगळं मैदान हसून हसून लोळलं! विवेककाकांनी तिघांना समोर उभं केलं आणि पोरांनी काय शोधलं ते सांगितलं.

"म्हणजे काकू, तुम्हीही कापत होतात?" विक्रमकाका म्हणाले.

"आणि मीही!" कुमारकाकांनी जीभ चावली. "दिवसभर ऑफिसात लोकांचे बग शोधतो, आणि हा बग आमच्यातच होता!"

"चुकलंच आमचं," सुवर्णाकाकू म्हणाल्या. "शाब्बास रे पोरांनो! पुढच्या सीझनला फोन तुम्हीच करायचे. एक मिनिटसुद्धा न कापता!"

"पुढचा सीझन आहे का पण?" इशिताने विचारलं.

"आहे म्हणजे काय!" विवेककाकांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "बंद-बिंद काही होत नाही! या पोरांसाठी टाळ्या वाजवा रे!"

टाळ्या पडल्या. अहिल्या त्या ऐकत होती, पण लांबून ऐकू याव्यात तशा. सीमामावशींनी येऊन तिला जवळ घेतलं. "हुशार गं माझी बाय! अगं, ऊन असो की वारा असो, आम्ही येतच होतो. अरुणची मॅच चुकवायची कशी?"

अहिल्याने एकदम मान वर केली. हे तिला गेल्या आठवड्यातच कळलं होतं. पण आत्ता ते आतपर्यंत पोचलं. एप्रिल, मे, जून. दर होम मॅचला हे सगळे एक वाजता या बाकांवर येऊन बसले होते, रिकाम्या मैदानाकडे बघत, बाबांसाठी.

"विवेककाका, तुमचा मोबाइल द्याल?"

ती गोलपोस्टमागे गेली आणि तिने घरचा नंबर लावला. आई नोव्हेंबरपासून मैदानाकडे आलीच नव्हती. रिकाम्या बाकांकडे बघवणार नाही, म्हणाली होती.

"आई," अहिल्या म्हणाली. "आई, लोक येत होते गं. दर वेळी येत होते. कुणी विसरलं नव्हतं." आणि ती रडायला लागली. इतके महिने साठलेलं सगळं एकदम आलं. जाळीला धरून ती हमसाहमशी रडली.



"अजून आहेत का सगळे तिथे?" आईने विचारलं.

"आहेत. पण मॅच संपली, आई."

"संपू दे," आई म्हणाली. "मी येते."