भर दुपारचा चंद्र

"ताई, आकाशात चंद्र आलाय!" मानसिंग म्हणाला.

"साडेतीन वाजलेत दुपारचे. भडंग खा आणि गप पड," अंजना म्हणाली.

मानसिंग पडलेलाच होता. सांगलीच्या नाट्यगृहात, रंगमंचाच्या कडेला, उताणा, पोटावर भडंगाचा पुडा ठेवून. मे महिन्याच्या सुट्टीत उंब्रजहून आजोळी आल्यापासून ही एकच भूमिका तो मन लावून करत होता. तो बोट दाखवत होता ते आकाशही खरं नव्हतं. ते मागच्या पडद्यावर रंगवलेलं होतं. खाली बाग, बागेत कारंजं आणि कारंज्यावर एक मोर. हा मोर पेंटर नानासोंनी आधी बदक म्हणून काढायला घेतला होता.

अंजनाचं लक्ष आजोबांकडे होतं. तात्याबा आजोबा म्हणजे इथल्या नाटक मंडळाचे पेटीवाले. तीस वर्षं ते त्याच स्टुलावर बसून तीच पायपेटी वाजवत आले होते. आज पेटीचं झाकण बंद होतं आणि समोर मंडळाचे व्यवस्थापक भाऊसो घाम पुसत उभे होते.

"पदाचा कागद पेटीवर हुता. आता न्हाई. मग गेला कुठं?" भाऊसोंनी विचारलं. "परवा साताऱ्याच्या नाटक मंडळींचा माणूस तुमच्याकडं आला हुता का न्हाई?"

"आला होता."

"बघा! आणि काय नेलं त्यानं?"

"काही नाही. दोन कप चहा प्याला," आजोबा शांतपणे म्हणाले. "दुसऱ्यात साखर कमी होती, असंही म्हणाला."

'संगीत शर्करानगरी' हे कोरं करकरीत नाटक. उद्या पहिला प्रयोग. त्यातली पदं साताऱ्याचे नाथाजी गुरुजी लिहीत आणि पोस्टाने पाठवत. नवं पद आलं की त्याच दिवशी वहीत त्याची नक्कल उतरवायची, असा मंडळाचा जुना नियम होता. शेवटचं पद सोमवारी आलं. आजोबांनी त्याला चाल लावली, विजयमालाताईंनी ते एकदा गाऊन पाहिलं आणि नक्कल करायची वेळ आली तेव्हा भाऊसो म्हणाले, "उद्या करू की!" मंगळवारी कागद गायब.

चाल आजोबांच्या बोटांत होती. शब्द मात्र कुणालाच धड आठवत नव्हते. गुरुजी साताऱ्याहून निघून इस्लामपूरला लेकीकडे थांबले होते आणि उद्या थेट प्रयोगालाच उगवणार होते.

"साताऱ्यानं आपलं पद पळवलंय!" भाऊसोंनी निकाल दिला. "पद गाळा. आणि तात्याबा, उद्या पेटीवर दुसरा माणूस बसंल."

आजोबांनी स्टुलावरची उशी उचलली आणि काखेत धरली. ती आजीने शिवलेली होती. ते संथ पावलं टाकत बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले.

रडू येऊ नये म्हणून अंजनाने वर पाहिलं, आणि तिला चंद्र दिसला!

"कृष्णात, हा चंद्र रविवारी होता का रं?"

कृष्णात हा तिचा मामेभाऊ. वय तेरा, आणि नाट्यगृहातला खिळा न् खिळा पाठ.

"न्हवता!" तो ताडकन उठला. "आणि हा प्रवेश तर भर दुपारचा हाय!"

"मी मघापासून काय सांगतोय?" मानसिंग म्हणाला. पण ते ऐकायला दोघं थांबलेच नाहीत.

तिघं धावत मागच्या अंगणात गेले. पेंटर नानासो पिंपावर बसून विडी ओढत होते.

"नानासोमामा, आवं, दुपारी चंद्र का काढला?" कृष्णातने विचारलं.

"पिवळा रंग संपला हुता," नानासो म्हणाले.

"आं?"

"पडद्याला पडलं भोक. ताटलीएवढं. भाऊसो म्हनलं, कुनाला बोलू नगं, बुजव. पेटीवरचा रद्दीचा कागद त्येंनीच आनून दिला. म्या कोरी बाजू फुडं केली, मागनं मांजरपाटाचं ठिगळ लावलं खळीनं. गोल झालं. सूर्य करावा म्हनलं, तर पिवळा न्हाई. पांढरा हुता."

"कागदावर काय लिहिलं होतं?"

"मला चष्मा लागतो, पोरी. आन् तो घरी असतो."

अंजनाने कृष्णातकडे पाहिलं. कृष्णात भिंतीला टेकवलेल्या भाऊसोंच्या सायकलकडे पाहत होता. चोरीला जाईल म्हणून भाऊसो ती रोज नाट्यगृहात आणत, आणि कुणी नसताना थेट रंगमंचावर ठेवत. हँडलच्या टोकाला आकाशी रंग लागलेला होता.

"आत्ता जाऊन सांगू या!" मानसिंग म्हणाला.

"नको. ते म्हणतील, पोरांचा चावटपणा," अंजना म्हणाली. "पाच वाजू देत. मागच्या दरवाजावर तेव्हा थेट ऊन येतं ना, कृष्णात?"

पाचच्या चहाला सगळी मंडळी रंगमंचावर जमली. अंजनाने आजोबांना हाताला धरून आत आणलं आणि अगदी साळसूद चेहरा केला.

"भाऊसोकाका, तो चंद्र नवीन आहे का हो?"

भाऊसोंना चहाचा ठसका लागला. "छे! पहिल्यापास्नं हाय."

"पडदा फाटला वगैरे नव्हता ना?"

"माझा पडदा? कुनाची टाप हाय हात लावायची!"

"कृष्णात, उघड!"

सामान आणायचा मागचा मोठा दरवाजा करकरत उघडला. नदीकडचं तिरपं ऊन थेट पडद्याच्या पाठीवर पडलं. बाग काळी झाली, मोर पुन्हा बदकासारखा दिसू लागला आणि चंद्र उजळला. त्या चंद्रात ओळीने अक्षरं उमटली. सगळी उलटी!

"आरसा!" अंजना ओरडली. रंगपटातला आरसा मानसिंगने आधीच काखोटीला मारून आणला होता. भडंग मात्र दुसऱ्या हातात तसंच होतं. विजयमालाताईंनी आरशात डोकावून वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचता त्या गाऊच लागल्या:

"उन्हात उभी मी, सावली माझी पायाशी निजली,
तुझी चाहूल लागता सख्या, दारापाशी पोचली..."

पुढच्या ओळीत त्या अडखळल्या, कारण शेवटचा शब्द चंद्राबाहेर गेला होता. तेवढ्यात पायपेटीचा सूर लागला. आजोबा कधी बसले, कुणालाच कळलं नाही. त्या सुरावर तो शब्द ताईंना आपोआप आठवला.

पद संपलं. सगळे भाऊसोंकडे पाहत होते.

"सायकल घसरली वो," भाऊसो पुटपुटले. "आन् कागद मी बघितलाच न्हाई. रद्दी वाटली." मग ते आजोबांसमोर जाऊन उभे राहिले. "तात्याबा, चुकलो. साताऱ्याच्या मंडळींवरबी उगा आळ घेतला."

"साताऱ्याला माफीचं पत्र लिहा," आजोबा म्हणाले. "आणि त्याची नक्कल ठेवा."

दुसऱ्या दिवशी नाथाजी गुरुजी आले. सगळी हकिगत ऐकून त्यांनी पडद्यावरचा चंद्र न्याहाळला. "चाळीस वर्षं पदं लिहितोय," ते म्हणाले. "आभाळात पोचलेलं हे पहिलंच. पोरी, तुझी नजर शाबूत आहे. कुणाचं ऐकून ती खाली घालू नकोस." मानसिंगच्या पाठीवरही त्यांनी थाप दिली, कारण चंद्र पहिल्यांदा त्याने पाहिला होता. शेवटी कुणीतरी ते मान्य केलं!

भाऊसोंनी पिवळ्या रंगाचा अख्खा डबा आणला आणि तिसरी घंटा व्हायच्या आत नानासोंनी चंद्राचा सूर्य केला. सायकल बाहेर राहिली.

घंटा झाली. पेटी सुरू करायची ती व्यवस्थापकांनी मान हलवली की, ही तिथली रीत. भाऊसो विंगेत ताठ उभे होते. आजोबांनी उशी नीट केली, बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि भाऊसोंच्या पलीकडे, नकलेची वही छातीशी धरून उभ्या असलेल्या अंजनाकडे पाहिलं.

अंजनाने मान हलवली.