बारा टन लोखंड पाण्यावर

लोखंडी खिळा दहा ग्रॅमचा असतो, तरी पाण्यात टाकला की तळ गाठतो. मग बारा टनांची लोखंडी गाडी नदीवर तरंगेल कशी?

निहिरा मगदूमने हा प्रश्न विचारला, तेव्हा ती त्याच गाडीत बसलेली होती आणि गाडी नदीकडेच चालली होती.

साल होतं २०४३. दसरा कालच झाला होता. परतीचा पाऊस पाच दिवस कोसळून आज थांबला होता, पण पंचगंगेचं पाणी उतरायला तयार नव्हतं. पलीकडच्या मळ्यात गुऱ्हाळघराच्या गच्चीवर आठ माणसं आणि एक तान्हं बाळ अडकलं होतं. ड्रोनने तसं मोजून कळवलं होतं. त्यांतली एक होती निहिराची शोभाआत्या, आणि बाळही तिचंच. सकाळी रबरी होडी गेली होती. पण पुरात वाहून आलेला ऊस तिच्या पंख्यात गुंतला आणि ती परत फिरली.

राहिली होती फक्त घोरपड. गावाने गाडीला ठेवलेलं हे नाव. मूळची ती सैन्याची चिलखती गाडी (गोळ्या अडवणाऱ्या जाड पत्र्याची). सैनिकांना घेऊन जमिनीवरून धावायची आणि वाटेत नदी आली तर तीही ओलांडायची. सैन्यात तिची वर्षं भरल्यावर वरची तोफ उतरवून ती पूरपथकाला मिळाली होती. तिला सांभाळणारे होते निहिराचे आजोबा, बाळगोंडा मगदूम. सगळे त्यांना आण्णा म्हणत. अशा गाड्यांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं अभियंता म्हणून काढली होती. आजीला जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून आण्णा घरात फारसं बोलत नसत. गाडीपाशी मात्र बोलत.

"आण्णा, एवढ्या चिखलात ट्रॅक्टर रुतलाय. आपण का नाही रुतलो?" निहिराने विचारलं.

"ट्रॅक्टरचं वजन चार टाचांवर. आपलं दोन पट्ट्यांवर. चाकांभोवती पोलादी पट्टा फिरतो बघ, तो आपला रस्ता आपणच अंथरत जातो. वजन पसरलं की दाब कमी. चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहून थोडा जास्त. तू एका पायाच्या चवड्यावर उभी राहिलीस तर चिखलावर साधारण तेवढाच दाब पडतो."

"म्हणजे मी आणि घोरपड सारख्याच?"

"खाण्यात पण सारख्याच," पुढून सुलेमानचाचा म्हणाले. ते गाडीचे चालक, सैन्यातून निवृत्त झालेले. "दोघी कधी नाही म्हणत नाहीत."

गाडी पाण्याच्या कडेला थांबली. आण्णांनी निहिराला खाली उतरवलं. "तू काठावरच थांबायचं. वॉकीटॉकी घे. गाडीच्या अंगावर पांढरी रेघ आहे, तिच्यावर नजर ठेव. पाणी रेघेच्या वर गेलं की ओरडायचं."

मग त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. "पुढची फळी?"

"उभी केली, साहेब." ही फळी नाकासमोर उभी राहते, म्हणजे समोरची लाट गाडीवर चढत नाही.

"पंप?"

"चालू."

"बुचं?"

"बसवली. सुकाणू मोकळं आहे, साहेब."

निहिराने वॉकीटॉकी तोंडाशी नेली, पण बटण दाबलं नाही.

घोरपडीच्या बुडाला चार भोकं होती. गाडी धुतली की आतलं पाणी त्यांतून काढून टाकायचं. त्यांची पितळी बुचं काढली की सुलेमानचाचा ती दोरीत ओवून सुकाणूला, म्हणजे स्टिअरिंगला, टांगत. सुकाणूवर बुचं दिसली तर गाडी पाण्यात न्यायची नाही, आणि सुकाणू मोकळं असेल तर बुचं जागेवर आहेत असं समजायचं. चाचांची ही पद्धत वीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

पण परवा खंडेनवमी होती. पान्हे, हातोडे, जॅक असं सगळं नदीजवळच्या गाडीच्या शेडमध्ये पाटावर मांडून पूजा करायची होती. पितळी बुचं चकचकीत दिसतात म्हणून निहिराने ती सुकाणूवरून काढून पाटावर ठेवली होती, हळदकुंकू लावून. ती अजून तिथेच होती.

इंजिन घुरघुरलं. पट्ट्यांची पुढची टोकं पाण्यात शिरली. आत्तापर्यंत हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि तिला सांगायची लाज वाटत होती. पण गच्चीवर आत्या होती.

"चाचा, थांबा!" ती वॉकीटॉकीत ओरडली. "बुचं नाहीयेत! मी पूजेला ठेवली होती!"

गाडी जागच्या जागी थांबली, मग मागे आली. बुडातून पाण्याच्या चार धारा लागल्या होत्या. कुणी काही बोलायच्या आत निहिरा शेडकडे पळाली. परत आली तेव्हा तिच्या फ्रॉकवर हळद सांडली होती आणि मुठीत चार बुचं होती.

"चुकलं माझं," ती धापा टाकत म्हणाली.

"चूक माझी," सुलेमानचाचा म्हणाले. "बघायचं सोडून समजून चाललो."

आण्णा रागावले नाहीत. ते गाडीखाली सरपटत गेले आणि बुचं आवळता आवळता बोलू लागले.

"खिळ्याचा प्रश्न विचारलास ना मघाशी? आता ऐक. कुठलीही वस्तू पाण्यात गेली की आपल्यापुरतं पाणी बाजूला सारते. पाणी तिला वर ढकलतं. त्या जोराला उत्प्लावक बल म्हणतात (पाण्याचा वर उचलणारा जोर). जेवढं पाणी बाजूला सारलं, त्याच्या वजनाएवढाच जोर. खिळा भरीव आहे. त्याने सारलेलं पाणी जेमतेम सव्वा ग्रॅम, आणि तो स्वतः दहा ग्रॅम. बुडणारच. घोरपड पोकळ आहे. ती बारा टन पाणी बाजूला सारते, तेव्हा पाणी तिला बारा टनांनी उचलतं. तरी तिचं अंग वर शिल्लक राहतं."

"आणि भोकं उघडी असली तर?"

"पोकळीत पाणी भरतं. मग राहतो नुसता मोठा खिळा."

निहिराने पांढऱ्या रेघेकडे पाहिलं. "पण येताना आठ माणसं जास्त असतील. मग?"

"तूच काढ. पाण्याला टेकलेलं तिचं अंग समज अठरा चौरस मीटर."

तिने काठीने चिखलात आकडे मांडले. आठ माणसं, साठ किलोची धरली तर चारशे ऐंशी. बाळासकट अर्धा टन. अर्धा टन पाणी म्हणजे अर्धा घनमीटर. त्याला अठराने भागलं.

"पावणेतीन सेंटिमीटर! दोन बोटं पण नाहीत?"

"आणि तरंगताना रेघेला चार बोटं बाकी असतात," आण्णा उठत म्हणाले. या वेळी सुलेमानचाचांनी चारही बुचं हात लावून मोजली.

आण्णा आत चढले आणि घोरपड पाण्यात शिरली. आधी नाक खाली गेलं, मग सबंध गाडी हलकी होऊन उचलली गेली. तिला पंखाच नव्हता, त्यामुळे ऊस गुंतायला जागा नव्हती. पट्टे खालून पाणी मागे लोटत होते आणि गाडी पुढे सरकत होती, माणसाच्या भरभर चालण्याच्या वेगाने. निहिराने रेघेवरची नजर हलवली नाही.

वीस मिनिटांनी वॉकीटॉकीवर आण्णांचा आवाज खरखरला. "निहिरा, तुझी आत्या चढत नाही. म्हणते, पाच म्हशी सोडून येत नाही."

मागून आत्याचा आवाज आला. "अगं, दावणीला बांधून मारू व्हय त्यास्नी?"

निहिराने मनात आकडे केले. पाच म्हशी, अडीच टन. रेघ सहज बुडाली असती. शिवाय एक जरी म्हैस आत वळली असती, तरी गाडी कलंडली असती. आणि तिला एकदम हसू आलं.

"आत्या, म्हशी रोज नदीत डुंबतात की! त्यांना पोहता येतं. दावं सोड आणि मागून येऊ दे. चाचा, तुम्ही हळू चालवा!"

पलीकडून सुलेमानचाचांचं हसणं ऐकू आलं.

तासाभराने घोरपड काठाला लागली. मागचं दार उघडलं आणि आत्या बाळाला छातीशी धरून उतरली. मागोमाग पाण्यावर पाच काळी डोकी दिसली, मान उंच करून पोहणारी. पाचही.

लेकीचं बाळ हातात घ्यायला आजी नव्हती. आण्णांनीच ते घेतलं आणि बराच वेळ कुणाला दिलं नाही.

निहिरा चिखलात पुन्हा काठी ओढत बसली होती. आण्णा बाळाला घेऊन तिच्या मागे येऊन उभे राहिले. चित्र एका गाडीचं होतं. घोरपडीहून रुंद, चपटी, मागे जमिनीपर्यंत उतरणारा फाळका.

"ही कसली?"

"पोहता न येणाऱ्यांसाठी. शेळ्या, कोंबड्या, म्हातारी माणसं. तोफेची जागा सुरुवातीपासूनच नको."

"किती खोल बसेल?"

"अजून काढलं नाही."

"मग काढ," आण्णा म्हणाले आणि शेजारच्या दगडावर बसले.