पिवळा ठिपका

‘ध्रुवापार’चा बॉक्स रविवारी सकाळी आला, तेव्हा मी कणीक मळत होते. तशाच पिठाच्या हातांनी दार उघडलं, कुरियरवाल्याला ओटीपी सांगितला आणि खोका छातीशी धरून आत पळाले. खोक्याला कणीक लागली त्याची मला शुद्ध नव्हती.

‘ध्रुवापार’ माहीत नाही असा माणूस आमच्या दिघीत तरी सापडणार नाही. अंतराळयानांच्या या सिनेमाचे तीन भाग येऊन गेले, चौथा दिवाळीत येतोय. त्याच्या नावानं विकायला काढलेल्या वस्तू सिनेमावाल्यांनी बाजारात येण्याआधी आमच्याकडे तपासायला पाठवल्या होत्या. आमच्याकडे म्हणजे ‘लाल ठिपका’ या यूट्यूब चॅनेलकडे, म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ प्रितम. वस्तू मी बघते, संगीत तो बघतो. व्हिडिओ झाला की बॉक्स परत द्यायचा, एवढीच त्यांची अट होती.

चॅनेलचं नाव माझ्या नोकरीवरून आलं. मी चाकणजवळ निघोज्याच्या एका कंपनीत प्लास्टिकचे पार्ट तपासते. चांगल्या नगावर हिरवा ठिपका द्यायचा, भंगारात जाणाऱ्यावर लाल आणि दुरुस्त होण्याजोग्यावर पिवळा. पिवळा नग रीवर्कला जातो आणि दोष काढून परत येतो, निदान कागदावर तरी. “दुरुस्त कशाला करत बसायचं मॅडम? त्याच्या जागी नवा ठेवून देतो, कोणाला कळतंय!” असं आमच्या रीवर्कचे उद्धवराव हसत हसत सांगतात. मला कळतं. पण आलेला नग चांगला असला की मीही गप्प बसते.

घरी माझ्याकडे लाल आणि पिवळा असे दोनच मार्कर आहेत. हिरवा आणायची वेळच आली नाही. सिनेमावाले मगावर जे चित्र छापतात ते पहिल्यांदा घासलं की नाकासकट निघून येतं, त्याला हिरवा कोण देणार?

“ताई, कात्री आण! नाहीतर दातानं फोडतो,” प्रितम ओरडत होता. सिनेमाचं नाव काढलं की तो लहान पोर होतो. खरं तर त्या दिवशी त्यानं अभ्यास करायला हवा होता. सोमवारी पुण्यातल्या एका साउंड स्टुडिओत त्याची परीक्षा होती. पूर्वी तो भोसरीत कामाला होता. तिथं हवेचा पाइप कानाजवळ फुटला आणि त्याचा डावा कान कायमचा गेला. त्यानंतर तो घरीच लग्नाच्या व्हिडिओंचं साउंड करायचा. स्टुडिओची नोकरी हे त्याचं स्वप्न होतं, आणि तिथं आवाज डावीकडून येतो की उजवीकडून हे ओळखायला लावणार होते. कानाचं त्यानं तिथं कोणाला सांगितलं नव्हतं. सिनेमाला तो नेहमी डावीकडच्या टोकाची खुर्ची पकडतो, म्हणजे सगळा पडदा त्याच्या चांगल्या कानाला ऐकू येतो. मी त्याच्या उजवीकडे बसून कानात बडबड करते आणि शिव्या खाते.

कॅमेरा लावला आणि आम्ही सुरू झालो. चहाचा मग घासणीनं घासला, कप्तानाचं नाक गेलं, लाल. टी-शर्ट बादलीत बुडवला, पाणी जांभळं झालं, लाल. यानाच्या पंखावर प्लास्टिकचं पापुद्र्यासारखं कुसळ राहिलं होतं, त्यानं बोट कापतं, लाल! प्रितम खो खो हसत होता. हसला की त्याचा पुढचा टवका उडालेला दात दिसतो. लहानपणी चाळीच्या जिन्यावरून पडला होता तेव्हाचा.

सगळ्यात खाली ‘कारागीर’ निघाला.

सिनेमा न पाहिलेल्यांसाठी सांगते. अंतराळात कारागीर नावाचे कोणी फिरत असतात. वाटेत मोडकंतोडकं यान दिसलं की ते दुरुस्त करून पुढं जातात. कोणाला विचारत नाहीत, मोबदला मागत नाहीत. फुकटात काम करणारा कारागीर मी अख्ख्या चाकणमध्ये पाहिलेला नाही, पण सिनेमा म्हणून आपण सोडून देतो. आमच्या बॉक्समधला हातभर उंच होता. राखाडी रंगाचा, उघड्या अंगाचा, चेहऱ्याच्या जागी नुसतं गुळगुळीत. पाठ दाबली की शीर्षकसंगीत वाजतं, असं खोक्यावर लिहिलं होतं.

मी भिंग काढलं. साच्यातून निघालेल्या प्रत्येक वस्तूवर दोन गोष्टी असतातच. साच्याचे दोन भाग जिथं मिटतात तिथं बारीक रेष असते, आणि वितळलेलं प्लास्टिक जिथून आत शिरतं तिथं एक छोटी खूण राहते. तिला गेट मार्क म्हणतात. नवीन मुलींना मी सांगते, माणसाला बेंबी तसा प्लास्टिकला गेट मार्क. तो घासून लपवता येतो, पण माझ्यापासून नाही.

याच्यावर तो नव्हता. रेष नाही, स्क्रू नाही, बॅटरीचं झाकण नाही. तळवे पाहिले, काखा पाहिल्या, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. इतकं निर्दोष काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि मला आनंदानं नाचावंसं वाटलं.

“प्रितम, याला हिरवा द्यावा लागणार रे!”

“हिरवा आहे कुठं तुझ्याकडं? आधी संगीत तर ऐकू दे.”

त्यानं पाठ दाबली. तेच शीर्षकसंगीत! पहिल्या भागात अंधारातून सुरू होतं ना, सनई आणि मागे घुमणारा तो खोल सूर, तेच. एवढ्याशा बाहुल्यातून खोली भरून आवाज येत होता. माझ्या अंगावर काटा आला. प्रितमचे डोळे मिटले होते.

“खालचा सूर मला छातीत लागतोय,” तो म्हणाला. “पण डाव्या बाजूला काय चाललंय ते कळेना. दोन्ही बाजूंना वेगळं असणार, ताई.”

त्याचा चेहरा जरा पडला. मला ते बघवेना, आणि कॅमेरा चालू होता. मी पिवळा मार्कर उघडला, त्याची मान वाकवली आणि डाव्या कानामागे टच्चकन ठिपका दिला.

“हा नग रीवर्कला!”

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग गंमत म्हणून त्यानं कारागीर उचलून स्वतःच्या बहिऱ्या कानाला लावला. “घ्या साहेब, दुरुस्त करा.”

तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्याचं माझ्या ध्यानात आलं. मी कॅमेरा बंद केला आणि स्वयंपाकघरात गेले. गॅस बारीक केला, हात धुतले. बाहेर संगीत चालू होतं, मग संपलं. मी परत आले तेव्हा प्रितम जिथल्या तिथं उभा होता. कारागीर टेबलावर पडलेला होता. प्रितम स्वतःचे तळहात उलटसुलट करून बघत होता.

“ताई,” तो म्हणाला, “कुकरची शिट्टी डावीकडून आली.”

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी किंचाळले. कंपनीतून आणलेला इअरप्लग त्याच्या उजव्या कानात कोंबला, वर माझा तळहात दाबला आणि डावीकडून कुजबुजले, “दिघी, भोसरी, मोशी, कुरुळी.” त्यानं चारही नावं म्हणून दाखवली. मी मागे गेले, दाराआड गेले, चमचा वाजवला, किल्ल्या वाजवल्या. सगळं बरोबर! मी रडत होते, हसत होते, त्याला गदगदा हलवत होते. अशा कानाच्या नसा पुन्हा जुळत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलेलं मला तोंडपाठ होतं. पण त्या क्षणी डॉक्टर गेले खड्ड्यात.

आई विहारातून वंदना करून आली. जाईबाई म्हणून सगळी कॉलनी तिला ओळखते. लातूर सोडून इतकी वर्षं झाली तरी तिची बोली बदललेली नाही.

“काय गं, कशाचा गलका? खालपर्यंत आवाज यायलाय.”

“आई, प्रितमला ऐकू यायला लागलं! दोन्ही कानांनी!”

आईनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि खूप वेळ सोडलं नाही. मग नेहमीप्रमाणे ती तेलाची वाटी घेऊन बसली. रविवारी ती प्रितमच्या डोक्याला तेल लावते आणि बोटाला उरलेलं त्याच्या डाव्या कोपराला. तो रांगत असताना तिच्या हातचं तापलेलं उलथनं त्याला लागलं होतं. त्या डागाला ती अजून तेल लावते. डाग जाणार नाही हे तिला माहीत आहे, तरी लावते.

तिनं त्याचं कोपर वळवलं. पुन्हा वळवलं. मग उजवं पाहिलं.

“डाग कुठं गेला?”

“गेला तर बरंच झालं ना आई,” प्रितम हसत म्हणाला. हसताना त्याचा पुढचा दात दिसला. अख्खा होता, टवका भरून आलेला.

“म्या दिलेला होता त्यो,” आई म्हणाली. “असा कसा जाईल?”

ती वाटी उचलून आत गेली. मी तिच्या मागे गेले नाही. आनंदाच्या दिवशी आईला कशातही खोट दिसते, असं मी मनाशी म्हटलं. मग एक कापूस थिनरमध्ये बुडवून प्रितमच्या कानामागचा ठिपका पुसायला बसले.

ठिपका हिरवा होता.

मी कापूस टाकून दिला. पिवळ्यात थिनर मिसळून रंग बदलला असेल, असं मी ठरवलं. थिनर अजून लावलं नव्हतं, हे मला माहीत होतं. पण नग चांगला होता.

सोमवारी मी लाइनवर उभी असताना प्रितमचा फोन आला. पास! सगळे आवाज, सगळ्या दिशा, एकही चूक नाही. तिथले लोक म्हणाले, असा कान आम्ही पाहिला नाही. मी लाइनवर उडी मारली, उद्धवरावांनी अख्ख्या शिफ्टला चहा सांगितला. कंपनीच्या बसमध्ये मी सगळ्या बायकांना पेढे वाटत आले. चौथ्या भागाची तिकिटं आत्तापासून मनात काढत होते. आता डावीकडच्या टोकाची खुर्ची नको, अगदी मधोमध बसायचं.

घरी आले तेव्हा संध्याकाळचं ऊन अजून खिडकीत होतं. प्रितम बॉक्स भरायच्या तयारीत होता.

“परत न्यायला कुरियरवाला येतोय,” तो म्हणाला. “खोका कुठं टाकलास?”

“माळ्यावर.”

त्यानं स्टूल ओढलं, वर चढला आणि दोन्ही हात उंच करून खोका ओढायला लागला. मी त्याच्यासमोर पेढा धरून उभी होते. त्याचा शर्ट वर सरकला.

रोज शेकडो नग माझ्या हाताखालून जातात. मला शोधावं लागत नाही, नजर आपोआप जागेवर जाते.

त्याचं पोट गुळगुळीत होतं. बरगड्यांपासून पट्ट्यापर्यंत एकसारखी कातडी. मध्ये काहीच नव्हतं.

पेढा माझ्या बोटांत चुरला.

तो खाली उतरला, शर्ट नीट केला. टी-शर्ट, मग, यान, एकेक वस्तू त्यानं व्यवस्थित खोक्यात ठेवली.

“ताई, कारागीर कुठंय?”

प्रितमचाच आवाज. प्रितमचेच डोळे. मी मान हलवली आणि आतल्या खोलीत गेले.

आई पलंगावर बसली होती. शेजारी तेलाची वाटी, मांडीवर कारागीर. ती त्याच्या डाव्या कोपराला अंगठ्यानं हळूहळू तेल चोळत होती.

मी वाकले. भिंगाची गरज नव्हती.

कोपरावर उलथन्याच्या टोकाएवढा डाग होता. पोटाच्या मधोमध एक बारीकशी, आत ओढलेली, सुरकुतलेली खूण. काल नव्हती.

दारावरची बेल वाजली.

“ताई, कुरियरवाला आला!” बाहेरून हाक आली. “दे ना तो लवकर!”

आईनं मान वर केली नाही. तिनं पदर ओढून बाहुल्याच्या अंगावर घातला.

“मिनल,” ती म्हणाली, “ह्याला देऊ नको. अंग कोमट हाय ह्याचं.”