रेसवरचा पाय

राजूरच्या कोळसा खाणीवरचा एक साहेब बदली होऊन गेला, तेव्हा त्याची जुनी विलायती मोटार मी घेतली. वणीत त्या काळी वकील पुष्कळ होते आणि मोटारी थोड्या, त्यामुळे पक्षकार मोटार बघून वकिलाची अक्कल जोखत. माझी अक्कल एका दिवसात वाढली. गाडी म्हातारी होती, पण खानदानी. दार लावलं की तिजोरी मिटल्यासारखा आवाज यायचा.

खोट एकच. जागेवर उभी असतानाही तिचं इंजिन पळायचं. रेसवरून पाय काढला तरी कोणीतरी हलकेच दाबून धरल्यासारखं गुरगुरत राहायचं. एका दुपारी यवतमाळ रस्त्यावरच्या अब्दुल गनी मिस्त्रींच्या गॅरेजात मी गाडी नेली. मागच्या सीटवर माझी बायको प्रभावती होती.

मिस्त्रींनी बॉनेट न उघडताच निदान केलं. "तुमचा पाय भारी हाये, वकीलसाहेब. नव्या मोटरवाल्यायचं असंच राह्यते. रेसवर उभेच राह्यता तुम्ही."

त्यांची बायको बिस्मिल्लाबी चहा घेऊन आली होती. तिने गाडीत डोकावून प्रभावतीकडे पाहिलं.

"अजी, पाँव भारी तो बाई का है. वकीलसाब का कैसा होगा?"

हिंदीत पाय भारी होणं म्हणजे दिवस जाणं. प्रभावतीला सातवा लागला होता. ती पदर सावरून हसली. वकिलाच्या तब्येतीवर गॅरेजातले सगळेच हसले, मीसुद्धा.

आमच्या घरात असं हसणं जपून व्हायचं. याआधी दोनदा दिवस गेले आणि दोन्हीदा हात रिकामे राहिले. म्हणून या खेपेला प्रभावतीने बाळासाठी टोपरंदेखील विणलं नव्हतं. चीनशी लढाई चालू होती. ती जवानांसाठी मोजे विणायची. एवढे मोजे विणले की शेजारी तिला मोठी देशभक्त समजत. सुया चालू ठेवायला काहीतरी निमित्त हवं असतं, हे फक्त मला ठाऊक होतं.

बाळंतपण यवतमाळला, लेडी डॉक्टरच्या हातून करायचं ठरलं होतं. एस.टी.चे धक्के तिला सोसायचे नव्हते. मोटार घ्यायचं खरं कारण ते होतं. पक्षकारांचं कारण मी बार रूमसाठी ठेवलं होतं. पण पाय काढल्यावरही पुढे ओढ घेणारी गाडी, आत अशी बाई आणि रस्त्यात कापसाच्या बैलबंड्या! हे मला पटत नव्हतं. इंजिन ठिकाणावर यायला हवं होतं.

जागेवरच्या या संथ गतीला मिस्त्री लोक 'स्लो' म्हणतात, आणि तो 'बसवावा' लागतो. गनी मिस्त्री बसवू लागले. चोक अडकलाय का पाहिलं, नव्हता. रेसची स्प्रिंग बदलली. कार्बोरेटरचा स्लोचा स्क्रू पार उलटा फिरवला. इंजिन हळूहळू खाली आलं आणि मांजरासारखं घुरघुरू लागलं. मिस्त्रींनी हात पुसले. गाडीतून उतरून खाटेवर बसलेली प्रभावती परत येऊन सीटवर बसली.

इंजिन पळू लागलं.

"वजनानं बॉडी दबते," मिस्त्री म्हणाले, "अन् रेसची तार ओढल्या जाते." मला हे पटलं. कारण सापडलं की मला झोप चांगली लागते. त्यांनी प्रभावतीला उतरवून तिच्या जागी दोन चेल्यांना बसवलं, मग स्वतः बसले. स्लो जागचा हलला नाही. प्रभावती बसली आणि इंजिन पळालं. शेवटी मिस्त्रींनी तारच काढून हातात घेतली. आता पायाचा आणि इंजिनाचा काही संबंध उरला नव्हता. तरी ते पळतच होतं.

मिस्त्री त्या तारेकडे बघत राहिले. "असं काहून करून राह्यली हे?" ते गाडीला म्हणाले.

पुढचे दोन महिने आम्ही गाडी तशीच वापरली. वाईट काही घडलं नाही. फक्त एकदा राजूरच्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक लागलं. कोळशाचे डबे सावकाश जात होते. मागे प्रभावती विणत होती.

"झोपला," ती म्हणाली.

इंजिन आपोआप खाली उतरलं.

डबे निघून गेले, फाटकवाला चावी शोधत राहिला. आरशात मला प्रभावतीच्या सुया थांबलेल्या दिसल्या. "उठला. बघा कसा पाय मारतोय." तिचं बोलणं संपायच्या आधी बॉनेट थरथरू लागलं होतं.

योगायोगाची उलटतपासणी घेता येत नाही. मी गाडी गिअरमध्ये टाकली.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी फिरायला चला म्हणायची. फिरायचं तिला नसायचं. गावाबाहेर गाडी उभी करायला लावायची आणि इंजिन चालू ठेवून डोळे मिटून बसायची. कधी हात पोटावर, कधी दारावर. पेट्रोल जळत असायचं. मी जळू द्यायचो. लग्नाच्या एवढ्या वर्षांत तिला इतकी निश्चिंत मी पाहिली नव्हती.

यवतमाळला निघायच्या दिवशी, सकाळीच, आम्ही गाडी पुन्हा गॅरेजात नेली. सामान बांधलेलं होतं.

"राहू द्या ना," प्रभावती म्हणाली. "चालते तशी चालू द्या."

"बाईसाहेब, वाटेत उतार हाये," मिस्त्री म्हणाले. "ब्रेक लागन अन् इंजिन ढकलन. मले घोर लागते." त्यांनी या वेळी कार्बोरेटरच्या बुडाशी रॉकेलचे थेंब सोडत कान लावला. एका ठिकाणी इंजिनाचा सूर बदलला. "हे पाहा! इथून हवा खाते. प्याकिंग गेलं."

इतकं साधं कारण होतं. मी माझ्या एका हरलेल्या दाव्याच्या फाइलीचा पुठ्ठा त्यांना दिला. त्यांनी त्याचं पॅकिंग कापलं, तेलात बुडवलं, बसवलं आणि नट आवळले. रेसची तारही नीट जोडली.

प्रभावती मागे बसली. मी पुढे बसून गाडी सुरू केली.

इंजिन एकदा पळालं. मग खाली आलं. अजून खाली आलं आणि तिथेच बसलं. मिस्त्रींनी पाण्याचा पेला मडगार्डवर ठेवला. पाण्यावर वलयसुद्धा उठलं नाही.

"थांबलं," प्रभावती म्हणाली.

"थांबलं नाही, चालूच हाये!" मिस्त्री लहान पोरासारखे हसले. "स्लो बसला, बाईसाहेब. कान द्या."

"थांबलं हो."

चहा घेऊन आलेल्या बिस्मिल्लाबीने बशी खाली ठेवली. ती दार उघडून मागे बसली आणि तिने प्रभावतीच्या पोटावर हात ठेवला. हात एका जागी ठेवला, मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्या जागी.

"अजी," ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "रेस बढाओ."

"आत्ताच तं बसवला..."

"बढाओ बोली ना!"

मिस्त्रींनी पाना टाकला. स्लोचा स्क्रू पिळत गेले. इंजिन तसंच संथ, शहाण्यासारखं चालत राहिलं. पेल्यातलं पाणी स्थिर होतं.

मी रेसवर पाय ठेवला आणि दाबला.

गाडी गरजली. पेला घसरला आणि फुटला. मी पाय काढला नाही. बॉनेट थडथडत होतं, जसं फाटकाशी थडथडलं होतं, अगदी तसंच.

"उठला का?" मी आरशात बघत ओरडून विचारलं. "प्रभा, उठला का?"

तिने डोळे उघडले नाहीत. एक हात दारावर होता.

"नाही," ती म्हणाली. "हा तुमचा पाय आहे."